तबकडीचे मरण कोणाच्या सोयीचे?

‘तबकडीचे दिवस संपले’ हे विधान हल्ली इतक्या सहजपणे केले जाते की, ते एकदा तपासून पाहावे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. व्हिडिओ गेम आता इतके अवाढव्य झाले आहेत की ते तबकडीवर मावत नाहीत; सबब तबकडी जाणार आणि तिच्या जागी कंपनीच्या दूरच्या कोठारातून तारेवाटे गेम घरात येणार; हा एक निसर्गनियम असून त्याबद्दल राग-लोभ धरण्यात अर्थ नाही, असा या विधानाचा आशय असतो. मालकवर्गाला जे सोयीचे असते ते निसर्गनियम म्हणून सांगण्याची प्रथा जुनीच आहे. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तोही ‘काळाचा महिमा’ होता. त्याच गिरण्यांखालच्या जमिनीचे भाव मात्र त्या महिम्याच्या वर्णनात कधी येत नसत.

पक्षाच्या कार्यकर्त्याला हा विषय प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. कळव्यात पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, लोकलच्या दारात लोंबकळल्यावाचून नोकरीला पोचता येत नाही, येथील महापालिकेच्या रुग्णालयात २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात १८ रुग्ण दगावले. अशा गावात पोरांच्या खेळाच्या तबकड्यांची चिंता कोणी करावी? आक्षेप समजण्यासारखा आहे, पण बरोबर नाही. खेळण्याच्या निमित्ताने कामकरी कुटुंबातील तरुण मुलगा आज मालकीहक्काचा जो धडा शिकतो आहे, तोच धडा उद्या त्याला पुस्तक, चित्रपट, शेतीचे यंत्र आणि औषधोपचाराचे उपकरण यांच्या बाबतीत गिळावा लागणार आहे. धडा असा की, पैसे द्यायचे, पण वस्तू आपली म्हणायची नाही.

प्रथम ‘मावत नाही’ या दाव्याचे काय ते पाहू. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांची कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. (या फिलिप्सचा एक कारखाना ठाणे-बेलापूर मार्गावर कळव्यातच होता, हे जुन्या कामगारांना आठवत असेल.) त्या तबकडीत सुमारे ७०० मेगाबाइट माहिती मावे. १९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावू लागली, दोन थरांत ८.५. २००६ मध्ये ब्लू-रे तबकडी आली. एका थरात २५ आणि दोन थरांत ५०. तीन थरांच्या तबकडीत आता १०० गिगाबाइट मावते आणि २०२० सालचे प्लेस्टेशन ५ ती वाचू शकते. तबकडीचा आकार या सर्व काळात तोच राहिला. बदलली ती वाचणाऱ्या किरणाची लांबी. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण, डीव्हीडीसाठी ६५० चा लाल, ब्लू-रेसाठी ४०५ चा निळसर जांभळा. किरण जितका आखूड तितका त्याचा ठिपका लहान, आणि ठिपका लहान तितकी अक्षरे दाट.

या वाटेने पुढे जाण्यास मर्यादा आहे हे खरे. जांभळ्याच्या पलीकडे अतिनील प्रकाश लागतो आणि तबकडीचे प्लास्टिकच तो शोषून घेऊ लागते. पण वाट एकच नव्हती. २०१४ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून ३०० गिगाबाइटची तबकडी जाहीर केली होती; ती मोठ्या संस्थांच्या दप्तरखान्यांसाठी होती, घरातल्या पोरांसाठी नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत शांघाय येथील शास्त्रज्ञांनी शंभर थरांच्या तबकडीत सुमारे दोन लाख गिगाबाइट साठवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतून बाजारात येईपर्यंत अशा शोधांचे काय होते हे सांगता येत नाही, आणि त्याचा वाचनाचा वेगही अद्याप व्यवहाराच्या जवळ आलेला नाही. तरीही, क्षमतेची भिंत लागली म्हणून तबकडी थांबली, असे म्हणणाऱ्याने या गोष्टींचा खुलासा करायला हवा.

शिवाय एका तबकडीत न मावणारी गोष्ट दोन तबकड्यांत मावते, हे समजण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. मोठा हिंदी चित्रपट दोन कॅसेटमध्ये भाड्याने मिळत असे आणि मध्यंतरात कॅसेट बदलण्यात कोणाचा अवमान होत नसे. १९९७ सालचा ‘फायनल फँटसी ७’ तीन सीडींवर आला. २०१८ सालचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ दोन ब्लू-रे तबकड्यांवर आला आणि जगभर खपला. तबकडी छापण्याचा खर्च गेमच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. मग अडचण कोठे आहे?

अडचण तबकडीच्या क्षमतेत नसून तिच्या स्वभावात आहे. तबकडी हातातून हातात जाते. कळवा, विटावा, खारेगावच्या चाळींत आणि इमारतींत ज्या मुलांचे बालपण गेले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पहिल्या पिढीच्या यंत्रांतील गेमच्या काडतुसाला ही मुले ‘कॅसेट’ म्हणत. ती कॅसेट आज या घरात, उद्या त्या घरात असे. पुढे तबकड्या आल्या. नवी तबकडी हजारो रुपयांची, म्हणून एकाने घ्यायची, चौघांनी खेळायची, मग अर्ध्या किमतीत विकून दुसरी आणायची, असा एक सहकारी व्यवहारच या पोरांनी कोणाच्या उपदेशावाचून उभा केला. मुंबईतील लॅमिंग्टन रोडपर्यंत त्याचे धागे जात. त्यात चोरट्या नकलांचाही धंदा पुष्कळ होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण अस्सल तबकडीचा पुनर्विक्रय ही चोरी नव्हती; विकत घेतलेल्या वस्तूवरचा तो साधा हक्क होता. नेमका हाच हक्क कंपन्यांच्या डोळ्यांत खुपत आला आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. रोनाल्ड कोझ यांनी १९७२ साली एका छोट्या निबंधात दाखवून दिले होते की, टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराचा खरा प्रतिस्पर्धी त्याने स्वतः काल विकलेला मालच असतो. वस्तू टिकते, हातोहात फिरते, आणि नव्या मालाच्या किमतीवर दाब आणते. यातून सुटण्याचा मक्तेदाराचा मार्ग कोझ यांनीच सांगून ठेवला होता : वस्तू विकूच नये, भाड्याने द्यावी. कोझ हे काही समाजवादी नव्हते, बाजारपेठेचे कैवारी म्हणूनच ते ओळखले जातात. तेव्हा हा आरोप डाव्यांच्या डोक्यातून निघालेला आहे असे म्हणण्याची सोय येथे नाही.

आणि भाड्याच्या या युक्तीचा अनुभव भारताला पुरेपूर आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आयबीएम ही अमेरिकन कंपनी या देशात संगणक विकत नसे, भाड्याने देत असे. तेही बहुधा परदेशात जुने झालेले, येथे आणून डागडुजी केलेले संगणक. यंत्र कंपनीचे, दुरुस्तीचा कामगार कंपनीचा, भाडे मात्र वर्षानुवर्षे भारतीय संस्थांनी मोजायचे. यंत्राची किंमत भाड्यातून कितीदा वसूल झाली हे विचारायचे नाही. अमेरिकेत याच कंपनीला १९५६ साली न्यायालयीन तडजोडीने बांधून घेण्यात आले होते की, यंत्रे केवळ भाड्याने न देता विकावीही लागतील. म्हणजे स्वदेशात जी अट पाळायची, ती गरीब देशात पाळायची नाही असा हा न्याय होता! १९७७ मध्ये जनता सरकार आले. तुरुंगातून मुझफ्फरपूरची निवडणूक जिंकलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले, आणि परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतीय कंपनीत परदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट त्यांनी आयबीएमलाही लागू केली. कंपनीने ती नाकारली आणि १९७८ मध्ये ती देशातून निघून गेली. तेव्हा वृत्तपत्रांतून काय आक्रोश झाला! संगणक बंद पडतील, रेल्वे थांबेल, देश अश्मयुगात जाईल! प्रत्यक्षात कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीच्या भारतीय तंत्रज्ञांनी ती यंत्रे ताब्यात घेतली आणि चालवून दाखवली. (ती सरकारी कंपनी पुढे २००१ साली टाटांना विकण्यात आली, त्या निर्गुंतवणुकीच्या वेळी सत्तेवर असलेल्या मंत्रिमंडळात जॉर्ज हेही होते, ही नोंद पक्षाच्या वाचकांसमोर दडवण्यात अर्थ नाही.)

सत्तरच्या दशकात भाडेकरू होत्या सरकारी खाती आणि बँका. आज भाडेकरू आहे कळव्याच्या रिक्षाचालकाचा मुलगा. फरक एवढाच की, आयबीएम निदान ‘भाडे’ हा शब्द वापरत असे. आजच्या डिजिटल दुकानातील बटणावर ‘खरेदी करा’ असे लिहिलेले असते, आणि त्याखालच्या न वाचल्या जाणाऱ्या करारात हा केवळ परवाना आहे, तो हस्तांतरणीय नाही आणि तो रद्द होऊ शकतो, असे म्हटलेले असते. रद्द होतो तेव्हा काय होते याचा दाखला २००९ मध्ये मिळाला. ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून, हक्कांच्या एका घोळापायी, विकलेली पुस्तके परस्पर पुसून टाकली. आणि योगायोग असा की त्यांत जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ ही कादंबरी होती. पैसे परत केले हे खरे. पण विकलेले पुस्तक परत नेण्यासाठी रात्री घरात शिरणाऱ्या दुकानदाराने टेबलावर पैसे ठेवले म्हणून त्याला कोणी सज्जन म्हणत नाही. गेमच्या क्षेत्रात युबीसॉफ्ट कंपनीने २०१४ साली विकलेला ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून कायमचा निकामी केला. ज्यांच्याकडे त्याची तबकडी होती त्यांचीही ती निरुपयोगी झाली. कारण कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असल्यावाचून तो चालतच नसे.

हा शेवटचा मुद्दा तबकडीप्रेमींनीही नीट ध्यानात घ्यावा. तबकडी शिल्लक असली म्हणजे मालकी शिल्लक आहे असे नाही. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ या यंत्रासाठी काही गेम अशा काडतुसांत विकले जातात की त्यांत गेम नसतोच, असते ती फक्त किल्ली. गेम कोठारातून उतरवून घ्यावा लागतो. दुकानातून आणलेल्या पेटीत पेटीच काय ती आपली! आणि प्लेस्टेशन ५ चे २०२४ साली आलेले महागडे रूप तर तबकडीच्या खाचेवाचूनच विकले जाते. खाच हवी तर ती निराळी विकत घ्यायची.

कायद्याने या बदलाची दखल कशी घेतली आहे? २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, तबकडीवर नोंदवून सरसकट विकले जाणारे सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे आणि म्हणून तिच्यावर विक्रीकर लागतो. कर घेण्यापुरती ती वस्तू होती. वस्तू म्हटली की तिच्यामागे ग्राहकाचे काही हक्क येतात : ती ठेवणे, देणे, विकणे. तबकडी गेली आणि तोच मजकूर तारेवाटे आला की वस्तूचे रूपांतर परवान्यात आणि सेवेत होते. सरकारचा कर चालू राहतो, कंपनीचा दाम चालू राहतो, नाहीसा होतो तो फक्त ग्राहकाचा हक्क. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यात संगणकीय प्रणालीची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती नष्ट होण्याच्या भीतीने, एक जादा प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. मुभा उत्तम आहे. पण मूळ प्रतच कंपनीच्या कुलपात असेल तर जादा प्रत कशाची करायची? आणि २०१२ च्या दुरुस्तीने हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद करून ठेवली आहे. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळण्याच्या जुगारावर त्याने बंदी घातली, हे स्वागतार्हच झाले. विकत घेतलेल्या खेळाचे काय, याबद्दल मात्र त्यात अक्षर नाही.

डिजिटल व्यवस्थेच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे नाही, आणि ते नाकारून वाद जिंकता येत नाही. प्लास्टिक वाचते. गेममधील चुका नंतर दुरुस्त करता येतात. पुण्याच्या तरुणांनी बनवलेला ‘राजी’ हा २०२० सालचा खेळ जगभर पोहोचला तो मुख्यत्वे डिजिटल दुकानांमुळे. छापखाना, गोदाम आणि वितरक यांचा खर्च त्यांच्यासारख्या छोट्या निर्मात्यांना झेपला नसता. ही सोय कोणी काढून घ्यावी असे कोणी म्हणत नाही. पण दुसरी बाजूही मोजली पाहिजे. तबकडी दहा दुकानांत मिळे आणि दुकानदारांत भावाची चढाओढ असे. यंत्राच्या आतील डिजिटल दुकान एकच, यंत्र विकणाऱ्या कंपनीचे, आणि निर्मात्याकडून तीस टक्क्यांच्या आसपास दलाली घेणारे. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्यांना ही एकछत्री पेठ कशी खपते, हे तेच जाणोत.

आणि सोय कोणाची, हाही प्रश्न आहेच. आजचा मोठा गेम १५० गिगाबाइटच्या घरात जातो. सेकंदाला ३० मेगाबिटच्या जोडणीवर, ती अखंड चालली तर, तो उतरायला अकरा तास लागतात. ज्याच्या घरी तार नाही आणि ज्याला मोबाइलवर दिवसाला दीड गिगाबाइट मिळते, त्याला शंभर दिवस! प्लेस्टेशन ५ च्या मूळ यंत्रात ८२५ गिगाबाइटची साठवण आहे. तीतून प्रत्यक्ष वापरायला मिळते सुमारे ६६७. म्हणजे असे चार गेम भरले की पाचव्यासाठी एक पुसायचा, आणि पुन्हा हवा असेल तर पुन्हा अकरा तास. तबकडीवरचा गेमही हल्ली यंत्रात भरावाच लागतो हे खरे, पण तो तबकडीवरून भरता येतो आणि तारेचे भाडे पडत नाही. जादा साठवण विकत घ्यावी म्हटले तर तिचे भाव २०२५ च्या अखेरीपासून भडकले आहेत. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कोठारांनी स्मृतिपटलांचा सारा माल उचलायला सुरुवात केली आहे. मायक्रॉन या कंपनीने २०२५ च्या डिसेंबरमध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसायच गुंडाळण्याचे जाहीर केले. सोनीने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत घरी नोंद करता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. दोन्ही घटना एकत्र वाचाव्यात. साठवण घरातून निघून कोठारात जात आहे.

हे कोठार आहे तरी कोठे? त्याला ‘क्लाउड’ म्हणजे ढग असे काव्यमय नाव दिले असल्यामुळे ते आकाशात असावे असा समज होतो. कळवेकरांना ढग पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही. विटाव्याच्या पुलाखालून ठाणे-बेलापूर मार्गाला लागावे. दिघा, ऐरोली, रबाळे, महापे. ज्या पट्ट्यात एके काळी कारखान्यांचे भोंगे पाळी सांगत आणि पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई, त्या पट्ट्यात आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. त्यांना डेटा सेंटर म्हणतात. देशातील अशा कोठारांची निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबईच्या परिसरात एकवटली आहे. समुद्राखालच्या तारा येथे किनाऱ्याला लागतात आणि वीज इतर शहरांच्या मानाने भरवशाची आहे, म्हणून. कल्याण-डोंबिवलीकडेही ही लाट पोचली आहे. पलावा येथे ॲमेझॉनच्या कंपनीने २०२४ मध्ये सुमारे ३८ एकर जमीन घेतली.

या इमारतींच्या दाराशी पाळी सुटत नाही. सुटण्याइतकी माणसे आत नसतात. पहारेकरी, सफाई कामगार आणि वातानुकूलनाचे मिस्त्री, बहुधा ठेकेदाराचे. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटरांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. रस्ते आणि धरणे यांच्या पंक्तीत! महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने मुद्रांक शुल्क आणि वीजशुल्क यांत सवलती देऊ केल्या. जगातील डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज खाल्ली, जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब आहे. गेमचा त्यातील वाटा थोडा असेल. पण घरातील तबकडी कपाटात असताना वीज खात नसे, हे तर मान्य व्हावे.

विजेच्या बाबतीत कळव्याला बोलण्याचा अधिकार इतरांहून अधिक आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई आणि ठाणे अंधारात गेले, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा बिघाडाचे स्थान म्हणून कळवा-पडघा या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांचेच नाव ऊर्जामंत्र्यांनी घेतले होते. साऱ्या महानगराची वीज कळव्याच्या डोक्यावरून जाते. आणि खुद्द कळव्याचे वीजवितरण? १ मार्च २०२० पासून शीळ, मुंब्रा आणि कळवा येथील वितरण टोरंट या खासगी कंपनीकडे ठेक्याने देण्यात आले आहे. पाण्याचेही तेच. कळवा, मुंब्रा, दिवा या भागाला औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरणाचे पाणी मिळते, आणि दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद राहणार असल्याचे निवेदन वर्तमानपत्रात वरचेवर वाचावे लागते. त्याच महामंडळाच्या भूखंडांवर ही कोठारे उभी राहत आहेत आणि त्यांना थंड ठेवावे लागते. कोणते केंद्र किती पाणी आणि किती वीज घेते, याचा आकडा नागरिकांपुढे कोणी ठेवत नाही.

तबकडीच्या मरणाची आणखी एक बाजू आहे, ती श्रमिकांची. नॉयडा येथील मोझर बेअर ही भारतीय कंपनी एके काळी तबकड्यांच्या उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकावर होती. २००७ च्या सुमारास तिने चित्रपटांच्या व्हीसीडी अवघ्या २८ रुपयांना विकायला काढल्या, आणि मराठी चित्रपटही त्या वाटेने खेड्यापाड्यांतील घरांत पोचले. बाजार बदलला, कर्ज वाढले. २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली आणि २०१८ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. कामगारांच्या थकलेल्या देण्यांना नव्या दिवाळखोरी संहितेच्या क्रमवारीबाहेर, कंपनी कायद्यातील जुने संरक्षण मिळावे, यासाठी त्यांची युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २ मे २०२३ रोजी निकाल विरुद्ध लागला. वर्षभराच्या नव्हे तर दोन वर्षांच्या थकबाकीला तारणधारक सावकारांच्या बरोबरीचे स्थान आहे, असे संहितेचे समर्थक सांगतात, आणि कागदावर ते बरोबरही आहे. त्यापलीकडच्या थकबाकीचे काय, याचे उत्तर कामगाराने आपल्या घरी द्यायचे. ‘तंत्रज्ञानाची झेप’ या शब्दांची किंमत कोणी मोजली, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी हा खटला वाचावा.

हे सारे अटळ आहे काय? २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या एक्सबॉक्स वन यंत्राबद्दल जाहीर केले होते की, ते दर चोवीस तासांनी कंपनीशी संपर्क साधून परवानगी घेईल आणि जुन्या तबकड्यांच्या विक्रीवर निर्बंध राहतील. ग्राहकांनी असा काही गदारोळ केला की महिना संपायच्या आत, १९ जूनला, कंपनीने दोन्ही अटी मागे घेतल्या. क्षमतेची, तंत्रज्ञानाची, काळाच्या प्रवाहाची सारी कारणे एका पंधरवड्यात विरघळली! २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की, केवळ परवाना देणाऱ्या दुकानाने ग्राहकाला तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. १ जानेवारी २०२५ पासून तो अमलात आहे. ‘द क्रू’ बंद पडल्यानंतर युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेने, विकलेला खेळ बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवून जावा, या मागणीवर २०२५ च्या जुलैअखेर दहा लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्या गोळा केल्या. या मोहिमेत तरुणांचाच भरणा आहे, आणि यांतील बहुतेकांना आपण मालकीहक्काचा प्रश्न लढवीत आहोत हे कोणत्याही पक्षाने शिकवलेले नाही.

आपल्याकडे मागण्या मांडायच्या त्या याच धर्तीवर, पण येथील कायद्यांना धरून मांडाव्या लागतील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘परवान्या’ला ‘खरेदी’ म्हणणे ही फसवी जाहिरात ठरवावी. डिजिटल प्रत एकाने दुसऱ्याला विकण्याचा वा देण्याचा हक्क स्वामित्वहक्क कायद्यात लिहिला जावा. सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने तत्पूर्वी खेळ स्वतंत्रपणे चालेल अशी प्रत ग्राहकांना द्यावी. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह चार ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात; भारतात विकल्या जाणाऱ्या खेळाची कुलूप नसलेली प्रत तशीच जमा व्हावी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. तेव्हा घेतलेले पुस्तक आज काढून वाचायला कोणा प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि त्या प्रकाशकाचे दुकान बंद पडले म्हणून त्यातील पाने कोरी होत नाहीत.

आणि कळवा-ऐरोलीच्या कार्यकर्त्यांकडे आणखी एक काम आहे, जे दिल्लीच्या कायद्याची वाट न पाहता हाती घेता येईल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील प्रत्येक डेटा सेंटरला दिलेला भूखंड, सवलत, मंजूर वीजभार आणि पाण्याचा कोटा, तसेच तेथे कायम व ठेका पद्धतीने लागलेल्या स्थानिक माणसांची संख्या, ही माहिती औद्योगिक विकास महामंडळ आणि वीज कंपन्या यांच्याकडून माहिती अधिकारात मागवावी. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.